चांदरचा भाटकार आणि 1930 चा एक ठराव

संशोधनाच्या तयारीत असाल तर कधी ना कधी तुमच्यासमोर हा प्रश्न येणारच : ज्याचं सगळं नीट चाललंय, असा श्रीमंत जमीनदार परक्या सत्तेच्या विरोधात का उभा राहतो? याची दोन तयार उत्तरं मिळतात. एक म्हणजे 'थोर देशभक्त', दुसरं 'शेवटी वर्गहित'. सिनॉप्सिसमध्ये दोन्ही शोभून दिसतात, आणि दोन्ही उत्तरं पुरावा बघायच्या आधीच ठरलेली असतात. माझं शिक्षण विज्ञानातलं, त्यामुळे निष्कर्ष आधी आणि निरीक्षण नंतर असं दिसलं की मला खटकतं. म्हणून आज एकच माणूस घेऊ आणि त्याचा एकच कागद नीट वाचू.

माणूस गोव्याचा आहे. लुईस द मिनेझिस ब्रागांझा, जन्म 1878, गाव सासष्टीतलं चांदर. घराणं ख्रिस्ती, मोठं जमीनदार. गोव्यात अशा मालकाला भाटकार म्हणतात, आणि त्याच्या जमिनीत घर बांधून राहणाऱ्याला मुंडकार. शेवगावकडच्या वाचकाला हे नातं 'कूळ' या शब्दाने पटकन समजल्यासारखं वाटेल, पण थोडं थांबा. आपल्याकडचं कूळ दुसऱ्याची जमीन कसतं, घर त्याचं बहुतेक गावठाणात असतं. मुंडकाराच्या डोक्यावरचं छप्परच मालकाच्या जमिनीत. भांडण झालं तर शेत जाण्याचा प्रश्न नंतरचा, आधी घर जाणार.

तर असा हा भाटकार. चांदरच्या वाड्यात सुमारे 5000 पुस्तकांचं ग्रंथालय. 1900 साली 'ओ एराल्दो' हे गोव्यातलं पहिलं पोर्तुगीज दैनिक निघालं, त्याच्या स्थापनेत मेसियस गोमिश यांच्याबरोबर हे होते. 1911 मध्ये त्यांनी 'ओ देबाते' काढलं, पुढे 'प्रकाश'मध्ये लिहिलं. 1910 ला पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं आणि गोव्यातल्या हिंदूंना कायद्याने बरोबरीचे हक्क मिळाले. त्या काळात स्वायत्ततेची भाषा बोलता येत होती. 1926 ला लिस्बनमध्ये लष्करी उठाव झाला, मग सालाझार आला आणि दारं बंद व्हायला लागली.

आता कागद. 1930 मध्ये सालाझारने 'आक्तो कोलोनियाल' म्हणजे वसाहतींचा कायदा आणला. त्याच्या दुसऱ्या कलमाचा आशय असा : समुद्रापलीकडचे प्रदेश ताब्यात ठेवणं, तिथे वसाहत करणं आणि तिथल्या लोकांना सुसंस्कृत करणं हे पोर्तुगीज राष्ट्राच्या 'सेंद्रिय सत्त्वा'तच आहे. जुलै 1930 मध्ये पणजीच्या कौन्सिलमध्ये ब्रागांझांनी याविरुद्ध ठराव मांडला. प्रत्येक जनसमूहाला आपलं व्यक्तित्व पूर्णपणे घडवण्याचा आणि शेवटी आपलं भवितव्य आपणच चालवण्याचा हक्क आहे, पोर्तुगीज भारत तो सोडत नाही. का? कारण तो हक्क त्याच्या 'सेंद्रिय सत्त्वा'तूनच आलेला आहे.

दिसलं? शब्द तोच! सरकारने राज्य करण्यासाठी वापरलेला शब्द त्यांनी उचलला आणि स्वयंनिर्णयासाठी परत सरकारच्याच तोंडावर टाकला. नुसता ठराव वाचला तर हे दिसत नाही, कायदा शेजारी ठेवला तरच दिसतं. भाषांतरात तर हा शब्द सहज 'स्वभाव' किंवा 'प्रकृती' होऊन हरवतो. म्हणून मूळ भाषा शिका असं गाईड सांगतात तेव्हा वैतागू नका (मी वैतागून झालंय).

आणि इथेच जमिनीचा प्रश्न येतो. इतकी सफाईदार पोर्तुगीज, इतकी पुस्तकं, सरकारी पगाराची गरज नसणं, कौन्सिलमध्ये बसता येणं, या सगळ्याच्या मागे भाटाचं उत्पन्न आहे. जमिनीने त्यांना विरोध करायची सवड दिली. पण म्हणून विरोध खोटा ठरत नाही. भाट असलेले बाकीचे अनेकजण गप्पच होते, म्हणजे नुसत्या जमिनीने याचं स्पष्टीकरण होत नाही. ही साधी तुलना बरेच जण करत नाहीत.

आणखी एक तुलना घ्या. फिलिपिन्समधल्या नेग्रोस बेटावर 5 नोव्हेंबर 1898 रोजी उसाच्या मोठ्या मळेवाल्यांनी स्पेनविरुद्ध उठाव केला. आनिसेतो लाकसोन आणि हुआन आरानेता पुढे होते. ताडासारख्या झाडाच्या फांद्यांच्या बंदुका आणि चटया गुंडाळून रंगवलेल्या तोफा दाखवून त्यांनी स्पॅनिश फौजेला शरण आणलं. मग काही महिन्यांतच या मंडळींनी अमेरिकेचं संरक्षण स्वीकारलं. मळे शाबूत राहिले. तेव्हा 'जमीनदाराचा पाठिंबा' असं लिहिताना तारीख लिहा. कोणत्या वर्षी पाठिंबा, कोणत्या वर्षी माघार.

ब्रागांझांनी 1930 नंतर माघार घेतली नाही. 1938 मध्ये ते गेले. त्यांचे मेहुणे त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांनी 1928 मध्येच गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली होती. लोहियांच्या 18 जून 1946 च्या मडगावच्या सभेनंतर त्यांना अटक झाली, लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडलं. भाची बेर्ता याही लढ्यात उतरल्या. पणजीतल्या 'इन्स्टिट्यूट वास्को द गामा'चं नाव 1963 मध्ये 'इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा' झालं. तिथल्या प्रवेशदालनात अजूनही वास्को द गामाच्या सफरीच्या काव्यातली दृश्यं निळ्या फरशांवर आहेत. कधी गेलात तर बघा.

पण तुमच्यातल्या कुणी यावर विषय घेतलाच, तर ठराव आणखी एकदा वाचा. त्यात जनसमूह आहे, हक्क आहे, भवितव्य आहे. खंड, भाट, मुंडकार हे शब्द नाहीत. गोवा 1961 मध्ये मुक्त झाला. मुंडकाराला घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा 1975 चा, आणि कसणाऱ्या कुळाला मालक मानणारी दुरुस्ती 1976 ची. ब्रागांझांच्या ठरावापासून मोजलं तर 45-46 वर्षं. ही वर्षं मुंडकारांच्या बाजूने कुठल्या कागदांत सापडतील? कोमुनिदादच्या वह्यांत, चर्चच्या नोंदींत, की कोर्टातल्या दाव्यांत? माझ्या मते कोर्टापासून सुरुवात करावी. घर जायची वेळ आली की माणूस तिथेच बोलतो.