वार्धक्य, दुखणें आणि निदान

भोर शहराजवळच्या उत्रोली गांवापासून पुणें सुमारें ५० किलोमीटर आहे. परंतु उतारवयांतील आजारांचा हिशेब मांडूं लागलें, म्हणजे गांव आणि शहर यांमधील अंतर याहून पुष्कळ मोठें असल्याचें दिसून येतें.

१९४८ सालीं भोर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. त्या सुमारास हिंदी माणसाचें सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षांचें होतें. पटकी, देवी, हिवताप यांच्या तडाख्यांतून वांचून साठी गांठणारे थोडे. त्यांच्या जुनाट विकारांची दखल कोण घेणार? पुढें साथी ओसरल्या, आयुर्मान सत्तरीच्या आसपास पोहोंचलें आणि मधुमेह, रक्तदाब, दमा हे घरोघर मुक्कामाला आले.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनें २०१७-१८ सालीं पंचेचाळिशी ओलांडलेल्यांची देशव्यापी पाहणी केली. तींत ७२,००० हून अधिक स्त्रीपुरुष होते. आपणांस मधुमेह असल्याचें सांगणाऱ्या वृद्धांचें प्रमाण शहरांत खेड्यांच्या दुपटीहून अधिक भरलें. बैठें काम आणि बदललेला आहार हीं त्याचीं कारणें खरींच. तथापि पाहणीदारांनीं रक्तदाब स्वतः मोजला, तेव्हां विकार असूनही त्याची वार्ता नसलेल्यांचें प्रमाण खेड्यांत अधिक आढळलें. म्हणजे दिसणारा फरक कांहीं अंशीं रोगाचा नसून निदानाचा आहे. शिवाय जन्मभर चुलीच्या धुरांत स्वयंपाक केलेल्या स्त्रियांची धाप पुष्कळदां ‘वयाचें लक्षण’ म्हणून सोडून दिली जाते.

पुणें जिल्ह्यांतील वढू परिसर या बाबतींत उद्बोधक आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनीं १९७० नंतरच्या दशकांत तेथें गांवच्याच स्त्रियांना शिकवून आरोग्यसेवा घरोघर नेली. २००७ सालीं त्याच परिसरांत पन्नाशीवरील ५,००० हून अधिक लोकांस प्रकृतीविषयीं विचारण्यांत आलें. गरीब, अल्पशिक्षित आणि विशेषतः स्त्रिया यांनीं आपली प्रकृति अधिक वाईट असल्याचें सांगितलें. विचारणारा दारीं आला, तेव्हां दुखण्याला वाचा फुटली.

रक्तदाब बोलत नाहीं. तो मोजावा लागतो. न मोजलेला रक्तदाब एखाद्या पहांटे पक्षाघाताच्या रूपानेंच प्रकट होतो आणि मग उत्रोलीसारख्या गांवांतून पुण्याची वाट फार लांबची ठरते. त्याआधीं मोजणारा हात गांवांत पोहोंचणें, हेंच वृद्धांच्या आरोग्याचें पहिलें पाऊल होय.