व्हॉल्यूमचं बटण कानासारखं का फिरतं?

घरी अ‍ॅम्प्लिफायर जोडणाऱ्यांची एक तक्रार मी नेहमी ऐकतो. व्हॉल्यूमचं बटण लावलं, पण जरा फिरवलं की आवाज एकदम चढतो, आणि पुढे कितीही फिरवा, फारसा फरक पडत नाही. जोडणी तर बरोबर असते. मग चुकतं कुठे? याचं उत्तर इतिहासात आहे.

1841 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांनी व्होल्टेज मोजायची एक पद्धत मांडली, पोटेन्शिओमीटरची. तारेवर संपर्काची जागा सरकवायची आणि हवं तेवढंच व्होल्टेज काढून घ्यायचं. आपला व्हॉल्यूम पॉट याच तत्त्वावर चालतो. त्याला तीन पाय असतात. एका टोकाला सिग्नल, दुसरं टोक ग्राउंडला, आणि मधला पाय अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटला.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळणारी एलएम386 ही चिप घ्या. बाहेरून काही जोडलं नाही तर ती सिग्नल 20 पट करते, ना कमी ना जास्त. म्हणजे बटण आवाज वाढवत नाहीच, ते फक्त आत जाणारा सिग्नल अडवतं!

आता कानाकडे येऊ. 1860 मध्ये फेक्नर यांनी वेबर यांच्या प्रयोगांच्या आधारे सांगितलं की आपल्या संवेदना बेरजेने नाही, गुणाकाराने चालतात. 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या टेलिफोन इंजिनिअरांनी हाच गुणाकाराचा हिशोब वापरून डेसिबल हे माप रूढ केलं. आवाज दुप्पट वाटायला शक्ती साधारण 10 पट लागते.

म्हणूनच साधा, म्हणजे लिनियर पॉट फसतो. निम्म्यावर तो निम्मं व्होल्टेज सोडतो, आणि कानाला ते निम्म्याहून बरंच जास्त वाटतं. लॉग पॉट निम्म्यावर साधारण 10 ते 15 टक्केच सोडतो, त्यामुळे आवाज हळूहळू चढल्यासारखा वाटतो. दुकानात मागताना ‘10के लॉग’ असं स्पष्ट सांगा. हल्लीच्या बहुतेक पॉटवर ‘ए’ म्हणजे लॉग आणि ‘बी’ म्हणजे लिनियर.

पण या सोयीत एक धोका लपलाय. कानाला ‘जरासा’ वाटणारा फरक प्रत्यक्षात मोठा असतो. दर 3 डेसिबलला शक्ती दुप्पट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास ऐकला तर चालतो, पण 90 डेसिबल फक्त 4 तास. तुमच्या फोनमधला व्हॉल्यूमही असाच कानाच्या कलाने चढवलेला असतो. म्हणून हेडफोन लावून हे ऐकत असाल, तर आवाज दोन घरं खाली आणा. तुम्हाला थोडंच कमी वाटेल, कानावरचा भार मात्र बराच उतरेल.