काचेच्या घरांतील घटपर्णी

कीटक पचविणाऱ्या घटपर्णीचें चित्र आमच्या बहुतेक वाचकांनीं शाळेच्या पुस्तकांत पाहिलेंच असेल. पानाच्या टोकास लोंबणारा तो झाकणाचा घट पाहून ही वेल आपल्या घरीं असावी असें कोणासही वाटावें. ही हौस नवी नाहीं. तिचा इतिहास मात्र बिचाऱ्या वेलीस फारसा सुखाचा झालेला नाहीं.

१६५८ सालीं फ्लाकूर या फ्रेंच अधिकाऱ्यानें मादागास्करच्या वर्णनांत घटपर्णीचा उल्लेख केला. पुढें लिनियसनें तिला 'नेपेंथिस' म्हटलें. होमरच्या काव्यांत हेलेन मद्यांत मिसळते त्या दुःखहारक औषधाचें तें नांव. ज्यांनीं पुढें ती जगविण्याचा खटाटोप केला, त्यांस हें नांव थट्टेचें वाटलें असल्यास नवल नाहीं!

१७८९ त जोसेफ बँक्सनें ती क्यूच्या उद्यानांत आणविली. परंतु खरी हौस बळावली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. वॉर्डनें काढलेल्या बंद काचपेटीमुळें रोपें जहाजावरील खाऱ्या वाऱ्यांतून जिवंत येऊं लागलीं, आणि लंडनच्या चेल्सी भागांतील व्हीच यांच्या रोपवाटिकेनें बोर्निओपर्यंत आपले संग्राहक धाडले. धनिकांच्या काचघरांत कोळसा जाळून, नळांतून ऊन पाणी खेळवून अहोरात्र उकाडा राखीत. वेल उष्ण कटिबंधांतील, तेव्हां तिला उष्णता हवी, असें हें सरळ गणित होतें.

तें गणित किनाबालू पर्वतानें चुकविलें. तेथें ह्यू लो यास १८५८ त सर्वांत मोठी घटपर्णी आढळली. तिच्या घटांत तीन लिटरांहून अधिक पाणी मावतें. एका घटांत बुडालेला उंदीरही सांपडला होता. सारावाकच्या राजाच्या, जेम्स ब्रुकच्या, सन्मानार्थ हूकरनें तिचें नांव 'राजा' ठेविलें. बर्बिजनें ती इंग्लंडांत पोंचविली, १८८१ त तिला प्रदर्शनाचें प्रथम श्रेणीचें प्रशस्तिपत्र मिळालें, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं ती तेथील काचघरांतून नाहींशी झाली. पांच हजार फुटांच्या वरची ही रहिवासी. तिला दिवसाचें ऊन मानवतें, पण रात्रीं गारवा लागतो. आमच्या मतें त्या काळच्या माळ्यांचें कौशल्य कमी नव्हतें, वेलीच्या मूळ घराविषयींची जिज्ञासा कमी होती.

खताचेंही तेंच. १८७४ त हूकरनें घटांत अंड्याचा बलक नव्हे, तर पांढरा भाग व मांसाचे तुकडे घालून त्यांचें पचन होतें असें दाखविलें. निकस मातींतील ही वेल नत्र किड्यांपासून मिळविते. मुळांशीं शेणखत घालणें म्हणजे तिला मारणेंच होय.

आपल्या देशांत हिची एकच जात आहे, मेघालयाच्या खासी, जैंतिया व गारो टेंकड्यांवरची. संग्राहकांनीं ती इतकी लुटली कीं १९८७ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत. म्हणून रोप घ्यावयाचें तें रानांतून उपटलेलें नव्हे, रोपवाटिकेंत वाढविलेलेंच घ्यावें. शेवाळ व नारळाच्या चोथ्याचे तुकडे घातलेली भुसभुशीत कुंडी, पूर्वेची खिडकी, सांठविलेलें पावसाचें पाणी, एवढ्यावर ती समाधानी असते. नळाच्या क्षारयुक्त पाण्यानें मात्र ती खंगते. वैशाखांत पुण्याच्या कोरड्या हवेंत नव्या पानांस घट धरत नाहींत. मृगाचा पाऊस लागला कीं पानांच्या टोकांशीं ते पुन्हां फुगूं लागतात.