थांबली की चिकटली

आयबीएमची पहिली हार्ड डिस्क १९५६ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत तयार झाली. रॅमॅक संगणकाचा हा भाग वजनाने सुमारे टनभर. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या मिनिटाला १,२०० फेरे घेत आणि सगळ्या मिळून ५० लाख अक्षरं साठवत. माहिती वाचणारं-लिहिणारं हेड तबकडीला घासू नये म्हणून कॉम्प्रेसरची हवा सतत सोडावी लागे.

कॉम्प्रेसर लवकरच गेला. फिरती तबकडी स्वतःबरोबर जो वारा ओढते, त्यावरच हेड तरंगू लागलं. प्रश्न उरला तो डिस्क थांबल्यावर हेडने जायचं कुठे. १९७३च्या ‘विंचेस्टर’ डिस्कमध्ये इंजिनिअरांनी ते सरळ तबकडीवरच उतरवलं आणि तिला वंगणाचा पातळ हात दिला. सोय स्वस्त होती. पुढे पीसीच्या डिस्कनेही तीच उचलली.

दुखणं इथूनच सुरू झालं. ऐंशीच्या दशकात संगणक हलवण्याआधी डॉसमध्ये ‘पार्क’ची आज्ञा द्यावी लागे, नाहीतर धक्क्यासरशी हेड नेमकं माहितीच्या भागावर आपटे. नंतरच्या डिस्क वीज जाताच, फिरत्या मोटरमधूनच थोडी वीज घेऊन हेड आपोआप बाजूला नेऊ लागल्या. पण गुळगुळीत हेड, गुळगुळीत तबकडी आणि मध्ये वंगण असलं, की काही महिने पडून राहिलेली डिस्क चिकटून बसे. मोटर नुसती गुणगुणे. मग जाणकार डिस्क हातात आडवी धरून मनगटाने झटकन पीळ देत. पुष्कळदा ती सुरूही होई, आणि शहाणा माणूस पहिल्यांदा फाइली उतरवून घेई.

१९८८मध्ये प्रेअरीटेक कंपनीने लॅपटॉपजोगी २.५ इंची डिस्क आणली, तिच्यात २० एमबी मावत. लॅपटॉप बॅटरी वाचवायला डिस्क वारंवार थांबवतो, म्हणजे हेडच्या चढ-उतारांना अंतच नाही. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आयबीएमने ट्रॅव्हलस्टार डिस्कमध्ये तबकडीच्या कडेला छोटी प्लॅस्टिकची घसरगुंडी बसवली. हेड आता तिच्यावर चढून थांबू लागलं. २००३च्या थिंकपॅडमध्ये तर लॅपटॉप पडतोय हे ओळखून हेड बाजूला नेणारा सेन्सर आला.

‘फारसा वापरलेला नाही’ म्हणून जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनी कमी वापर म्हणजे जास्त आयुष्य नव्हे, हे लक्षात ठेवलेलं बरं. गुगलच्या संशोधकांनी २००७मध्ये १ लाखाहून जास्त डिस्कचा हिशेब मांडला, तेव्हा जास्त राबणं आणि लवकर मरणं यांचा संबंध अपेक्षेपेक्षा बराच सैल निघाला.

शिवाय पडून राहिलेल्या डिस्कला दगा देणारा भाग अनेकदा अगदीच फुटकळ असतो. नव्वदच्या आसपासच्या क्वांटम कंपनीच्या काही डिस्कमध्ये हेडचा हात अडवणारा रबरी तुकडा काही वर्षांनी विरघळून डिंकासारखा होतो आणि हात त्यातच रुततो. तबकडी, मोटर, सर्किट सगळं ठणठणीत. अशा डिस्क असलेल्या जुन्या मॅकिंटॉशचे शौकीन झाकण उघडून तो चिकटा खरवडतात, किंवा त्यावर प्लॅस्टिकचा बारीक तुकडा चढवतात, आणि डिस्क पुन्हा वाचू लागते.