‘आज’ आणि ‘ओजूर्द्वी’

फ्रेंच शिकायला बसलेल्या माणसाला सुरुवातीच्या धड्यांतच एक शब्द दचकवतो, तो म्हणजे ‘आज’साठीचा शब्द. उच्चार ‘ओजूर्द्वी’. लिहायला रोमन लिपीतली दहा अक्षरं, आणि सातव्या अक्षरानंतर वर टांगलेला स्वल्पविराम. मराठीत जे काम दोन अक्षरांत भागतं त्याला एवढा पसारा कशाला, असं वाटतं. शब्द उकलून पाहिला की मात्र तो नात्यातला निघतो.

त्याच्या शेपटाला जे ‘द्वी’ ऐकू येतं, त्यातला ‘वी’ हा जुन्या फ्रेंचमधला ‘आज’. तो आला लॅटिन ‘होदिए’वरून, आणि ‘होदिए’ म्हणजे ‘होक दिए’, या दिवशी. शतकानुशतकं झिजून तो शब्द एवढासा उरला की बोलणाऱ्यांना तो पुरेना. मग त्यांनी त्याच्या आधी ‘ओ जूर द’ लावलं, म्हणजे ‘च्या दिवशी’. सगळं मिळून अर्थ झाला ‘आजच्या दिवशी’. आपणही बोलताना अगदी हेच करतो. ‘आजच्या दिवशी तरी घरी जेव,’ असं म्हणताना ‘आज’ पुरे असतं, तरी दिवस जोडतोच.

आता आपला ‘आज’ पाहा. संस्कृत ‘अद्य’. त्यातला ‘अ’ म्हणजे ‘हा’ आणि ‘द्य’ म्हणजे दिवस. ‘द्यु’, ‘दिवस’, ‘दिन’ ही सारी एकाच कुळातली. म्हणजे ‘अद्य’ची घडण ‘होदिए’सारखीच: हा दिवस. प्राकृतात ‘द्य’चा ‘ज्ज’ होतो, म्हणून ‘अद्य’चं ‘अज्ज’ झालं आणि मराठीत ‘आज’. विजेचंही तसंच, ‘विद्युत्’, ‘विज्जु’, ‘वीज’. तिकडे लॅटिनमध्ये ‘दिउर्नुम्’ म्हणजे दिवसाचं. बोलणाऱ्यांच्या तोंडी त्यातल्या ‘दिउ’चा ‘द्यु’ झाला, मग त्या ‘द्य’चा ‘ज’ झाला, आणि फ्रेंचच्या हाती ‘जूर’ आला, म्हणजे दिवस. ‘बाँजूर’मधला तो हाच. एकाच मूळ धातूतून निघालेले दोन शब्द, एक दख्खनच्या पठारावर आणि एक सेन नदीच्या काठी, ‘द्य’चा ‘ज’ करून मोकळे झाले. एकमेकांची गाठभेट नसताना. मला हे फार मोठं वाटतं.

हे सगळं आठवायला निमित्त झालं ते एका फोनचं. माझी एक जुनी विद्यार्थिनी, सिल्लोड तालुक्यातल्या मिरची-कापसाच्या घरातली, सध्या दक्षिण फ्रान्समध्ये मोंपेलियेला शेतीशास्त्र शिकते. तिथं गेल्यापासून वर्गात कळायचं सगळं, पण तोंड उघडायचं नाही. उत्तर मनात मराठीत यायचं, ते इंग्रजीत जायचं, तिथून फ्रेंचमध्ये येईपर्यंत समोरच्याचा विषय बदललेला असायचा. त्या दिवशी ती आठवडी बाजारात हिरवी तिखट मिरची शोधत होती. भाजीवाल्या बाईंनी ढोबळी मिरची पुढे केली. तिचं फ्रेंच नाव ‘प्वाव्रों’. ही नको, तर ‘पिमाँ’ हवी, असं सांगता सांगता मुलगी बोलत सुटली. आमच्याकडे मिरचीचे मोंढे कसे भरतात, तोडणीला बायका कशा जातात, लाल झालेली मिरची वाळवताना गल्लीभर कसा ठसका उठतो. मागे रांग थांबलेली होती आणि रांगेतले लोक ऐकत होते. बाईंनी मध्येच तिच्या एका शब्दाचं लिंग दुरुस्त केलं, तिनं ते उचललं आणि पुढे बोलली. रात्री मला म्हणाली, “सर, आज इंग्रजीचा पूल लागलाच नाही. सरळ पलीकडे गेले. दिवसभर नुसती हसतेय मी.”

मिरचीनं तिची भीड चेपली, हे मला फार आवडलं. कारण मिरचीच्या शब्दांत दोन्ही भाषांची चाल जुळते. मिरची आपल्याकडची नव्हे. ती अमेरिकेतून पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आली. तिखटासाठी आपल्याकडे तोवर मिरे होते, संस्कृत ‘मरिच’. नव्या पाहुणीला आपण जुन्याचंच नाव दिलं, मिऱ्यावरून मिरची. फ्रेंचांनीही तेच केलं. त्यांच्याकडे मिरे म्हणजे ‘प्वाव्र’, त्यावरून ढोबळी मिरची ‘प्वाव्रों’. आणि हा ‘प्वाव्र’ मुळात कुठला? लॅटिन ‘पिपेर’, त्याआधी ग्रीक ‘पेपेरि’, आणि त्याच्याही आधी आपली ‘पिप्पली’, म्हणजे आजीच्या औषधाच्या डब्यातली पिंपळी. चवीचा शब्दही तसाच. ‘तिखट’ निघतं ‘तीक्ष्ण’वरून, ज्याला धार आहे ते. फ्रेंच ‘पिकाँ’ म्हणजे टोचणारं. जिभेला टोक लागतं, हे दोन्हीकडच्या लोकांना सारखंच जाणवलं.

आपण तिच्याबद्दल सहज म्हणू की तिला आत्मविश्वास आला. ‘आत्मविश्वास’ हा अलीकडचा घडवलेला शब्द, पण त्यातला ‘विश्वास’ जुना आहे. ‘श्वस्’ म्हणजे श्वास घेणं. ‘वि’ लागून अर्थ होतो मोकळा श्वास घेणं, निर्धास्त होणं, आणि त्यातून भरवसा. परकी भाषा बोलताना माणसाचा पहिल्यांदा श्वासच अडतो. छाती भरून येते, वाक्य अर्ध्यावर तुटतं. तो श्वास मोकळा झाला की भाषा आली. फ्रेंच ‘काँफियाँस’च्या मुळाशी निष्ठा आणि वचन आहे. माझ्या मते या बाबतीत आपला शब्द अनुभवाच्या जास्त जवळ आहे.

फ्रेंच शिकणाऱ्या मराठी मुलांना मला जे सांगायचं आहे ते एवढंच, की फ्रेंच ही लॅटिनची प्राकृत आहे. इंग्रजीतून तिच्याकडे गेलात तर ती नियमबाह्य, लहरी वाटते. मराठीतून गेलात तर तिच्या खोडी ओळखीच्या वाटतात. सात हा आकडा घ्या. फ्रेंचमध्ये लिहितात ‘सेप्त’, म्हणतात ‘सेत’. मधला ‘प’ उच्चारात नाही. जुन्या फ्रेंचमध्ये तो लिहीतही नसत. पुढे पंडितांनी लॅटिनची आठवण म्हणून परत घातला. आपल्याकडे ‘सप्त’चं ‘सत्त’ झालं आणि ‘सत्त’चं ‘सात’. ही मधली पायरी पाहायची असेल तर आपल्याच जिल्ह्यातल्या पैठणच्या सातवाहनांकडे जा. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीचं प्राकृत नावच ‘सत्तसई’. नऊचंही असंच. फ्रेंचमध्ये ‘नफ’ म्हणजे नऊ आणि ‘नफ’ म्हणजेच नवा. संस्कृतात ‘नव’ला हेच दोन अर्थ आहेत. ‘तू’ तर जसाच्या तसा ‘त्यु’ आहे, आणि थोरामोठ्यांना ‘व्हू’ म्हणताना मराठी मुलाला काही नवं शिकावं लागत नाही. तू आणि तुम्ही यांतलं अंतर त्याला घरातच कळलेलं असतं. ‘टेबल पुल्लिंगी की स्त्रीलिंगी’ या प्रश्नानं इंग्रजाला घाम फुटतो. आपण तीन लिंगं सांभाळून मोठे झालो आहोत, त्यांची दोन आपल्याला जड नाहीत.

लोकभाषा म्हणून दोघींचं नशीबही सारखं. इ.स. 813 मध्ये फ्रान्सातल्या तूर गावच्या धर्मसभेनं ठरवलं की प्रवचन लोकांना समजेल अशा बोलीत करावं, कारण लॅटिन त्यांना कळेनासं झालं होतं. आपल्याकडे चक्रधरस्वामींनी आणि ज्ञानेश्वरांनी मराठीत बोलायचं ठरवलं त्यामागचं कारण याहून वेगळं नव्हतं. एक फरक सांगायला हवा. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी आपण ‘पांच’, ‘गांव’ यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. फ्रेंचांनी आपली मुकी अक्षरं जपून ठेवली. मुलांना त्यांचाच जाच होतो.

ही भाषा आपल्या भागाला अगदी अनोळखीही नाही. 1751 मध्ये सलाबतजंगाला घेऊन फ्रेंच सेनानी बुसी औरंगाबादेत आला. मराठी कागदांत तो ‘मुसा बुसी’. हा ‘मुसा’ म्हणजे ‘मस्यु’, फ्रेंचांचं आदरार्थी संबोधन. त्याच्या कवायती फौजेत तयार झालेला इब्राहिमखान पुढे पानिपतावर भाऊसाहेबांच्या बाजूनं लढला. त्याच्या नावापुढचं ‘गारदी’ हे फ्रेंच ‘गार्द’वरून आल्याचं मानतात. सिल्लोडच्या पूर्वेला, जालना जिल्ह्यात असई आहे. तिथं 23 सप्टेंबर 1803 रोजी वेलस्लीशी लढलेल्या शिंद्यांच्या पलटणींचा पाया शांबेरी गावच्या फ्रेंचभाषक द ब्वान्यनं घातला होता. ‘पलटण’ मात्र फ्रेंच ‘प्लोतों’वरून की इंग्रजी ‘बटालियन’वरून, यावर कोशकारांचं एकमत नाही. ‘प्लोतों’चा मूळ अर्थ सुताचा गुंडा, एवढं इथं नोंदवतो. आणि रोजच्या बोलण्यातलं पाहायचं तर एस.टी.चा डेपो आहेच. फ्रेंचमध्ये या शब्दाच्या शेवटी मुका ‘त’ असतो. तो गिळायचा असतो, हे सिल्लोडच्या स्टँडवर पोत्यावर बसलेल्या आजीबाईही बिनचूक पाळतात.

भाषा शिकून परदेशी गेलेल्यांत मला चित्रकार सय्यद हैदर रझा आठवतात. नागपूर आणि मुंबईत कलाशिक्षण घेतलेले रझा 1950 मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले, ते मुंबईत फ्रेंचचे धडे गिरवूनच. सहा दशकं तिथं काढूनही त्यांच्या कॅनव्हासवर देवनागरी अक्षरं येत राहिली.

उलट्या दिशेनंही एक माणूस आला होता. झ्यूल ब्लॉक हा फ्रेंच पंडित मराठीपाशी आला, आणि मराठी भाषेची घडण सांगणारा त्याचा ग्रंथ 1920 मध्ये फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला. पुढे तो कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाला. मराठीचा पहिला शास्त्रशुद्ध, सविस्तर इतिहास असा परक्या भाषेत लिहिला गेला. ‘अद्य’चा ‘आज’ कसा झाला, हे तिथं नियमासकट मिळतं. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो फ्रेंचमधून थेट मराठीत आणला, ‘मराठी भाषेचा विकास’, 1941. मोंपेलियेच्या त्या मुलीला मी सांगितलं आहे की मूळ फ्रेंच पुस्तक तिकडच्या ग्रंथालयात शोध आणि वाचायला घे. तुझ्या फ्रेंचची खरी परीक्षा तुझ्याच भाषेच्या इतिहासावर होऊ दे.

संभाजीनगरला किंवा पुण्याला जाऊन फ्रेंचचा वर्ग लावणाऱ्या आपल्या मुलामुलींना माझी विनंती आहे. शब्दांची वही करताना फ्रेंच आणि इंग्रजी असे दोनच रकाने पाडू नका. तिसरा मराठीचा पाडा आणि त्यात नुसता अर्थ लिहून थांबू नका, तो मराठी शब्द कुठून आला तेही लिहा. आणि परांजप्यांचं ते पुस्तक तुमच्या गावच्या वाचनालयात नसेल, तर मागवायला सांगा.