क्रिप्टोनाइटचं मूळ गाव

बुलढाणा जिल्ह्यात दोन मारुती बघण्यासारखे आहेत. एक नांदुऱ्याचा, महामार्गालगत 105 फूट ताठ उभा. दुसरा लोणारचा, अंबर तळ्याजवळच्या देवळात चक्क आडवा झोपलेला. उभ्याचे फोटो सगळेच काढतात. मला ओढ आडव्याची. त्याचा दगड चुंबकीय आहे आणि तो आकाशातून पडलेल्या उल्केचाच आहे, असं गावात सांगतात. उडणारा, पर्वत तळहातावर तोलणारा वीर, आणि तो आकाशातल्या दगडापायी आडवा! सुपरमॅनवर पोसलेल्या माणसाच्या डोक्यात इथे त्याची शक्ती हिरावणाऱ्या, त्याच्याच जन्मग्रहाच्या दगडाशिवाय, क्रिप्टोनाइटशिवाय, दुसरं काय येणार?

दगडाचं शास्त्र आधी उरकून घेतो. लोणारचं विवर ज्वालामुखीचं, असंच बराच काळ मानत. 1973 साली ‘सायन्स’ नियतकालिकात निबंध आला आणि उल्कापाताची बाजू पक्की झाली. तिथल्या बेसाल्टात मॅस्केलिनाइट सापडलं होतं, आणि ते प्रचंड आघाताशिवाय तयार होत नाही. विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद. अंबर तळं हा त्याच उल्केच्या लहान तुकड्याचा खड्डा, असं काहीजण म्हणतात, पण ते सगळ्यांना पटलेलं नाही. चुंबकाचं म्हणाल तर दख्खनच्या काळ्या दगडात मुळातच मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे सुई हलली म्हणून दगड आकाशातला ठरत नाही. ठीक आहे, तेवढं मी सोडून देतो. क्रिप्टोनाइट तरी कुठे खरा आहे?

आता त्याचं कूळ. जेरी सीगेल आणि जो शूस्टर यांचा सुपरमॅन जून 1938 च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’मध्ये आला. क्रिप्टन फुटला, बाळ यानातून पृथ्वीवर आलं, कॅन्ससच्या शेतकरी जोडप्याने वाढवलं, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. क्रिप्टोनाइट मात्र कॉमिकमध्ये जन्मलाच नाही. तो आला रेडिओवरून, जून 1943 मध्ये, सुपरमॅनच्या श्रुतिकेतून. कॉमिकच्या पानावर यायला त्याला 1949 साल उजाडलं, आणि तेव्हाही तो लाल होता. हिरवा नंतर झाला.

रेडिओवर तो का आला, याची एक लाडकी कथा चाहते सांगतात. सुपरमॅनचा आवाज देणाऱ्या बड कॉलियरला सुटी हवी होती. नायक क्रिप्टोनाइटमुळे अर्धमेला झाला की दुसऱ्या कुणीही माइकपुढे कण्हावं आणि कॉलियरने खुशाल गावाला जावं. कथा गोड आहे, आणि म्हणूनच मला तिचा संशय येतो. कण्हण्याचे भाग म्हणून जे सांगितले जातात, ते 1945 च्या सुमाराचे. दगड दोन वर्षं आधीच येऊन बसला होता. त्याहून मोठी अडचण अशी की 1940 मध्येच सीगेलने ‘क्रिप्टनचा के-मेटल’ नावाची कथा लिहून ठेवली होती. जन्मग्रहाचा तुकडा जवळ येतो, सुपरमॅनची शक्ती जाते, आणि क्लार्क लोइसला आपण कोण ते सांगून टाकतो. गुपित फुटलं तर मालिकाच बसेल म्हणून असेल, पण कंपनीने ती छापली नाही. 1988 मध्ये मार्क वेडला डीसीच्या दप्तरात तिचं टंकलिखित सापडलं. ती लिहिली गेली तेव्हा रेडिओची मालिका सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. सुटीचा प्रश्न कुठून येणार? तेव्हा सुटी ही फार तर या कल्पनेची सुईण, आई नव्हे.

मग रेडिओवाल्यांनी ती दडपलेली कथा वाचली होती का? माझा कौल ‘हो’ असा आहे. श्रुतिकेचा निर्माता रॉबर्ट मॅक्सवेल हा सुपरमॅनचे हक्क विकणाऱ्या घरचाच माणूस होता. एका घरातलं हस्तलिखित त्याच घरात कुणाच्या नजरेला पडू नये, हे मला कठीण वाटतं. कागदोपत्री पुरावा मागाल तर माझ्याकडे नाही.

इथे एक पोटातली गोष्ट बोलून घेतो. सिनेमाने कॉमिकची वाट लावली अशी ओरड दर नव्या चित्रपटाला होते. पण क्लार्कचा संपादक पेरी व्हाइट रेडिओवरून आला, बॅटमॅनची गुहा 1943 च्या पडद्यावरच्या बॅटमॅन मालिकेतून आली. सुरुवातीचा सुपरमॅन तर नुसत्या लांब उड्या मारायचा. हवेत तरंगायला तो माइकपुढे आणि फ्लायशर बंधूंच्या कार्टूनपटांत शिकला. या घराण्यात देणंघेणं पहिल्यापासून दोन्हीकडून आहे. शुद्ध मूळ संहिता नावाची वस्तूच इथे नाही.

आता खरा वाद: या दगडाचा पूर्वज कोण? जाणकार ताबडतोब ग्रीकांच्या अकिलीसकडे बोट दाखवतात. सगळं अंग अभेद्य, टाच तेवढी कच्ची. आपल्याकडचे लोक दुर्योधनाची मांडी पुढे करतात. मला दोन्ही नामंजूर. टाच काय, मांडी काय, वीराच्याच देहाचा भाग. आई न्हाऊ घालताना किंवा मुलगा लाजताना राहून गेलेली फट. क्रिप्टोनाइट देहात नाही. तो बाहेरून येतो, आणि येतो तो घरूनच. परक्या ग्रहाचा कुठलाही धोंडा सुपरमॅनचं काही बिघडवू शकत नाही. त्याला मारतो तो माहेरचा दगड. मारुतीला ऋषींचा शाप होता की आठवण करून दिल्याशिवाय त्याला आपलं बळ आठवणार नाही. तोही जवळचा नातलग खरा, पण शाप हातात धरता येत नाही, फेकून मारता येत नाही.

हातात धरता येईल असा पूर्वज महाभारतात आहे, मौसलपर्वात. यादवांची पोरं कृष्णाच्या मुलाला, सांबाला, गरोदर बाईचा वेश देऊन ऋषींची थट्टा करतात. ऋषी चिडतात, आणि सांबाच्या पोटी लोखंडी मुसळ जन्मतं, कुळाचा नाश करणारं. घाबरून ते कुटून त्याचा चुरा समुद्रात टाकतात. पुढची कडी भागवतातली: उरलेला लोखंडाचा तुकडा मासा गिळतो, मासा कोळ्यांच्या जाळ्यात येतो, आणि तो तुकडा जरा नावाचा व्याध आपल्या बाणाच्या टोकाला बसवतो. तोच बाण कृष्णाच्या पायाला लागतो. म्हणजे अकिलीसवाल्यांना हवा असलेला पायही इथे आहे, पण मारणारी वस्तू आहे घरच्या पोटातून निघालेलं लोखंड.

आणि आता 2016 चा ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ पुन्हा आठवा. झॅक स्नायडरचा हा चित्रपट मला एरवी सोसत नाही. दोघांच्या आयांचं नाव मार्था निघालं म्हणून हाणामारी थांबते, तिथे थिएटरात लोक हसले तर त्यांचा दोष नव्हता. पण क्रिप्टोनाइट सापडतो कुठे? हिंदी महासागराच्या तळाशी. त्याचं होतं काय? बॅटमॅन तो तासून भाल्याचं टोक बनवतो, आणि शेवटी त्याच भाल्याच्या झुंजीत सुपरमॅनचा अंत होतो. घरचं द्रव्य, समुद्राचा तळ, शस्त्राचं टोक, देवासारख्या वीराचा मृत्यू. कृष्णाचा अंत झाला त्या प्रभासक्षेत्राचा समुद्रही त्याच महासागराचा काठ. योगायोग म्हणणारे म्हणोत. पटकथाकारांपैकी कुणीतरी भागवत चाळलं असणार, यावर मी पैज लावायला तयार आहे. आकाशातून पडणाऱ्या दगडाची गोष्ट कुणीही रचील. समुद्रातून काढून टोकाला बसवण्याची गोष्ट सहज सुचणारी नव्हे.

लोणारचं आणखी एक देणं या कुळाला आहे, निदान माझ्या मते. स्थळपुराणातला लोणासुर जमिनीखाली राहायचा, वर अजस्र झाकण. विष्णू देखण्या तरुणाचं, दैत्यसूदनाचं रूप घेऊन आला. असुराच्या बहिणींनीच त्याला भुयाराचा ठाव सांगितला. मग त्याने पायाच्या अंगठ्याने झाकण उडवलं. ते झाकण म्हणजे नैऋत्येला बऱ्याच कोसांवरची एक टेकडी, असं जुनं गॅझेटियर नोंदवतं. खड्ड्यातली माती गेली कुठे, हा प्रश्न भूवैज्ञानिकांच्याही आधी आमच्या लोकांना पडला होता, त्याचं हे उत्तर. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ याच कथेवर उभं आहे.

आता 1978 चा रिचर्ड डोनरचा ‘सुपरमॅन’ घ्या. माझ्या लेखी आजही सगळ्यांत उत्तम. लेक्स ल्यूथर राहतो जमिनीखाली, रेल्वे स्टेशनच्या पोटात. अदिस अबाबाला पडलेल्या उल्केतून तो क्रिप्टोनाइट मिळवतो, साखळीने सुपरमॅनच्या गळ्यात घालतो आणि त्याला पाण्यात लोटतो. सोडवतं कोण? ल्यूथरच्याच गोटातली ईव्ह, कारण एक क्षेपणास्त्र तिच्या आईच्या गावावर निघालेलं असतं. भुयार, उल्का, घरभेदी बाई: लोणारात पुराण आणि भूशास्त्र मिळून जे आहे, ते तिथे एका प्रसंगात. कथा मारिओ पुझोची, गॉडफादरवाल्याची. पुझो मेहकर-लोणार रस्त्याने गेल्याचं कुणी म्हणत नाही, तेव्हा इथे मी पैज लावत नाही.

मराठी वाचकाला या कुळाची ओळख उशिरा झाली, याला कारण वेताळ. मार्च 1964 मध्ये त्याच्या कथा घेऊन इंद्रजाल कॉमिक्स निघालं, आणि आमच्या पिढीचा तंग कपड्यातला पहिला वीर तोच. त्याच्याकडे दैवी शक्ती नव्हती, कवटीची अंगठी आणि पिढ्यान्‌पिढ्यांची दहशत होती. ज्याला शक्ती नाही, त्याची शक्ती हिरावणारा दगड हवा कशाला!

2025 च्या जेम्स गनच्या ‘सुपरमॅन’मध्ये तर क्रिप्टोनाइट घरूनही येत नाही की आकाशातूनही. मेटामॉर्फो नावाचा इसम, त्याचं बाळ ल्यूथरच्या ताब्यात म्हणून, नाइलाजाने स्वतःच्या हाताचाच क्रिप्टोनाइट बनवतो. माझ्या हिशेबाने हा दत्तक दगड, कुळाबाहेरचा. पण त्याच चित्रपटात ल्यूथर सुपरमॅनच्या आईबापांचा क्रिप्टनवरून आलेला संदेश जगापुढे आणतो, त्याचा न ऐकलेला उरलेला भाग: पृथ्वीवर राज्य कर. लोक उलटतात, आणि तो पुरता खचतो. हिरव्या दगडाच्या प्रसंगापेक्षा तो प्रसंग जास्त लागतो, आणि सांबाच्या मुसळाशी सख्खं नातं त्या संदेशाचं आहे.