स्थापना-प्रतिमा आणि तिचे वाहक : लिनक्सच्या प्रसाराच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रकरण

लिनक्सचा इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष बहुधा मूळ संहिता, तिचे कर्ते आणि परवान्यांचे वाद यांवर खिळलेले असते. ही कार्यप्रणाली सामान्य माणसाच्या संगणकात शिरली कशी, ह्या प्रश्नाची चर्चा मात्र तंत्रपुस्तिकांच्या परिशिष्टांवर सोडून दिली जाते. प्रश्न वाटतो तितका क्षुद्र नाही. ज्या यंत्रात एकही कार्यप्रणाली नाही, किंवा आहे ती दुसऱ्याच कंपनीची आहे, त्या यंत्राने परक्या प्रणालीची पहिली आज्ञा कोठून घ्यावी आणि का मानावी? ज्याला ह्याचे उत्तर देता येईल त्याचीच प्रणाली लोकांपर्यंत पोहोचेल. हा इतिहास सांगताना फ्लॉपीचे युग, सीडीचे युग आणि पेनड्राइव्हचे युग असे तीन कालखंड पाडण्याची रीत आहे. ती सोयीची असली तरी दिशाभूल करणारी आहे. वाहक बदलले, परंतु प्रत्येक नवा वाहक बराच काळ जुन्याचे सोंग घेऊन वावरला, आणि खरा बदल घडला तो त्या सोंगाच्या आत.

१९८१ साली आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, त्याबरोबर एक अगदी साधा करारही रूढ झाला. यंत्र सुरू होताच त्यातील बायॉस हा अंगभूत कार्यक्रम डिस्कवरील पहिला ५१२ बाइटांचा खंड स्मृतीत एका ठरावीक जागी उतरवून घेतो आणि सूत्रे त्याच्या हाती देतो. पुढे त्या खंडाच्या शेवटच्या दोन बाइटांत एक ठरलेली खूण तपासण्याचीही पद्धत पडली. १९८३ साली हार्ड डिस्कचा प्रवेश झाल्यावर ह्याच ५१२ बाइटांत विभागांच्या कोष्टकासाठी ६४ बाइट राखले गेले आणि आरंभीच्या आज्ञांसाठी ४४६ बाइट उरले. हा खंड कोणी लिहिला याची चौकशी बायॉस करीत नसे. आयबीएमच्या अभियंत्यांनी ही उदारता बुद्ध्या ठेवली असे मानण्याचे कारण नाही. तरीही पुढील तीस वर्षे स्वतंत्र प्रणालींचा प्रसार ह्याच बेफिकिरीच्या आधारावर झाला.

हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या उपक्रमाची घोषणा केली. त्यांच्या प्रणालीचा गाभा तयार झाल्यावर त्याचा पहिला खंडच असा लिहिलेला असे की, तो गाभा जसाच्या तसा फ्लॉपीवर उतरवला म्हणजे यंत्र त्यावरून सुरू होई. १९९२ साली एच. जे. लू यांनी ‘बूट’ आणि ‘रूट’ अशी फ्लॉप्यांची जोडी सिद्ध केली. पहिलीवरून गाभा चढवावयाचा आणि सूचना मिळताच ती काढून दुसरी घालावयाची, हा तिचा विधी होता. हार्ड डिस्कवरून प्रणाली सुरू करावयाची असेल तर वापरणाऱ्याला त्या डिस्कच्या पहिल्या खंडातील बाइट हाताने बदलावे लागत. त्याच वर्षी फेब्रुवारीत मँचेस्टर कम्प्युटिंग सेंटरमधील ओवेन ल ब्लाँक यांनी ‘एमसीसी इंटरिम’ हा संच काढला आणि ह्या खटाटोपाला प्रथमच काही शिस्त आली.

येथे ‘प्रतिमा’ ही कल्पना नीट समजून घेणे अवश्य आहे. फाइलींची नक्कल करणे आणि प्रतिमा लिहिणे ह्या दोन वेगळ्या क्रिया होत. नक्कल करताना फाइलींचा आशय तेवढा जातो आणि तो डिस्कवर कोठे बसवावयाचा हे यजमान प्रणाली ठरवते. प्रतिमेत पहिल्या खंडापासून शेवटच्या खंडापर्यंत, रिकाम्या जागेसह, संपूर्ण पृष्ठभागाचा ठसा असतो. १.४४ एमबी म्हणून विकल्या जाणाऱ्या फ्लॉपीची प्रतिमा म्हणजे नेमके १४,७४,५६० बाइट : ८० मार्ग, २ बाजू, प्रत्येक मार्गावर १८ खंड आणि प्रत्येक खंडात ५१२ बाइट. पहिला खंड पहिल्याच जागी पडला पाहिजे, ही यंत्राची अट केवळ प्रतिमेनेच पुरी होई. डॉसमध्ये ह्या कामासाठी ‘रॉराइट’ नावाचा छोटा कार्यक्रम वापरीत. युनिक्समध्ये ‘डीडी’ ही आज्ञा सत्तरीच्या दशकापासूनच होती, आणि तिचे नाव व तऱ्हेवाईक व्याकरण आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवरील कार्यनियंत्रण-भाषेतून आले होते. जी यंत्रसंस्कृती युनिक्सवाल्यांच्या थट्टेचा विषय होती, तिच्याच बोलीतील एक शब्द लिनक्सच्या दीक्षाविधीत पहिला उच्चारला जावा, ही गंमत नोंदवण्याजोगी आहे.

जुलै १९९३ मध्ये पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांचे ‘स्लॅकवेअर’ बाहेर पडले ते साडेतीन इंची फ्लॉपींच्या २४ प्रतिमांच्या रूपाने. फ्लॉपी हा मोठा बेभरवशाचा वाहक होता. अकरावी फ्लॉपी वाचताना एखादा खंड खराब निघाला, तर दुसऱ्या चालू यंत्राकडे जाऊन ती पुन्हा लिहून आणण्यावाचून गत्यंतर नसे. म्हणून लिनक्स बसवणाऱ्याला बहुधा आणखी एक संगणक आणि एक मित्र हाताशी ठेवावा लागे. सुरुवातीच्या वापरकर्त्यांचे गट विद्यापीठांच्या आसपास का जमले, याचे एक कारण ह्या भौतिक गरजेत शोधणे वावगे ठरणार नाही.

सीडीमुळे हा प्रश्न लगोलग सुटला, अशी समजूत आहे; ती खरी नाही. सीडीवरील फाइलींच्या मांडणीचा आयएसओ ९६६० हा प्रमाण-मसुदा १९८८ साली संमत झाला होता, आणि ‘यग्ड्रासिल’ने डिसेंबर १९९२ मध्येच लिनक्स सीडीवर आणले होते. परंतु बायॉसला सीडीवरून सुरू होण्याची कला अवगत नव्हती. साडेसहाशे एमबीची चकती हाती असूनही तिचे दार उघडण्यास फ्लॉपीच लागे. ही कोंडी फोडली ती फिनिक्स आणि आयबीएम ह्या कंपन्यांनी जानेवारी १९९५ मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या ‘एल टोरिटो’ ह्या नियमावलीने. तिची युक्ती पाहण्यासारखी आहे. चकतीच्या सतराव्या क्रमांकाच्या खंडात एक नोंद ठेवावयाची. तिच्यावरून बायॉसने चकतीत दडवलेली फ्लॉपीची प्रतिमा शोधावयाची. आणि मग संगणकाला सांगावयाचे की, ही ‘ए’ नावाची फ्लॉपीच आहे. खरी फ्लॉपी जोडलेली असेल तर ती तेवढ्यापुरती ‘बी’ होई. हे सोंग न घेता चकतीवरून थेट सुरू होण्याची तरतूदही त्याच नियमावलीत होती, पण अनेक बायॉसांत ती धड चालत नसे. गाभा वाढत जाऊन फ्लॉपीच्या मापात मावेनासा झाला, तेव्हा एच. पीटर अ‍ॅन्विन यांच्या ‘आयसोलिनक्स’ने हा दुसरा मार्ग रुळवला. डिसेंबर २००३ मध्ये गाभ्याची २.६ ही आवृत्ती आली आणि तिच्यात फ्लॉपीवरून थेट सुरू होण्याची मूळ सोय काढून टाकण्यात आली.

लिहिण्याजोग्या चकत्या स्वस्त झाल्यावर प्रतिमा घरी उतरवून घेणे शक्य झाले. सोपे मात्र झाले नाही. चौऱ्याहत्तर मिनिटांच्या चकतीवर ३,३३,००० खंड, प्रत्येकी २,०४८ बाइट, म्हणजे ६८,१९,८४,००० बाइट मावतात. ५६ किलोबिटांच्या मोडेमने, वेग एकदाही न मंदावता, एवढा मजकूर उतरवण्यास २७ तास लागतात. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. दूरध्वनीच्या तारेवरून त्या काळी एवढी प्रतिमा उतरवणे हे चैनीचे काम होते. म्हणून येथे लिनक्सच्या प्रसारात ‘पीसीक्वेस्ट’सारख्या मासिकाच्या अंकासोबत येणाऱ्या चकत्यांना जे स्थान आहे, ते युरोप-अमेरिकेच्या इतिहासांवरून कळणार नाही. पुढे कॅनॉनिकल कंपनीने २००५ ते २०११ ह्या काळात उबुंटूच्या चकत्या मागेल त्याला जगभर विनामूल्य पाठवल्या. क्लाउस क्नोपर यांच्या २००० सालच्या ‘क्नोपिक्स’ने तर हार्ड डिस्कला हात न लावता चकतीवरूनच संपूर्ण प्रणाली चालवून दाखवली. बसवण्याआधी पारखून पाहण्याची सोय त्यामुळे प्रथमच सर्वत्र पोहोचली.

ह्या काळातील नवख्यांची एक चूक प्रसिद्धच आहे. उतरवून घेतलेली प्रतिमा ते चकतीवर एखाद्या साध्या फाइलीप्रमाणे लिहीत. चकतीवर एकच भलीमोठी फाइल दिसे आणि यंत्र तिच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. जाणती मंडळी ह्या चुकीला हसत. वस्तुतः प्रतिमा आणि फाइल यांतील भेद वापरणाऱ्याला दिसावा अशी व्यवस्थाच कोणी केली नव्हती. दोष असेल तर त्या व्यवस्थेचा होता.

२००० सालाच्या अखेरीस आयबीएमने ८ एमबीचा यूएसबी ड्राइव्ह विक्रीस आणला. यंत्राच्या दृष्टीने हा वाहक नेमका कोण, फ्लॉपी, झिप डिस्क की हार्ड डिस्क, याविषयी बायॉस बनवणाऱ्यांत एकमत नव्हते. कित्येक संगणकांच्या यादीत तिन्ही पर्याय शेजारी शेजारी दिसत. चकतीसाठी बनवलेली प्रतिमा ह्या ड्राइव्हवर तशीच लिहिली तर काहीच घडत नसे, कारण चकतीची वाट सतराव्या खंडातून जाते आणि ड्राइव्हची पहिल्या ५१२ बाइटांतून. २००७ सालच्या ‘युनेटबूटिन’ने प्रतिमा फोडून आतील फाइली ड्राइव्हवर मांडण्याचा आणि वेगळा आरंभखंड बसवण्याचा मार्ग धरला. हा मार्ग कामाचा असला तरी प्रत्येक वितरणाच्या लहरी त्याला सांभाळाव्या लागत.

खरा तोडगा २००८ साली अ‍ॅन्विन यांच्याच ‘सिसलिनक्स’ प्रकल्पातून ‘आयसोहायब्रिड’ ह्या नावाने आला, आणि प्रस्तुत इतिहासातील सर्वांत देखणी कल्पना कोणती असे विचारल्यास हिचेच नाव घ्यावे लागेल. आयएसओ ९६६० च्या कर्त्यांनी चकतीचे पहिले सोळा खंड, म्हणजे ३२,७६८ बाइट, प्रमाणाच्या कक्षेबाहेर मोकळे सोडले होते. चकती वाचणारा ह्या जागेकडे पाहतच नाही. हार्ड डिस्क वाचणारा मात्र प्रथम तेथेच पाहतो. त्या ओसाड जागेत हार्ड डिस्कचा आरंभखंड आणि विभागांचे कोष्टक लिहिले की, एकच प्रतिमा एका दाराने चकती ठरते आणि दुसऱ्या दाराने हार्ड डिस्क. पुढे यूईएफआय ही बायॉसची उत्तराधिकारी पद्धती आली, तेव्हा तिच्यासाठी फॅट मांडणीचा एक छोटा विभाग ह्याच प्रतिमेत बसवून तिसरे दारही काढण्यात आले. वीस वर्षांपूर्वी मोकळ्या सोडलेल्या जागेचा असा उपयोग होईल, हे प्रमाणकर्त्यांच्या स्वप्नातही नसावे.

संकर प्रतिमेमुळे ‘डीडी’ला पुन्हा महत्त्व आले आणि तिच्यातील धोकाही वाढला. फ्लॉपीच्या काळी चुकले तर एक फ्लॉपी जाई. आता गंतव्य म्हणून ‘एसडीबी’च्या ठिकाणी ‘एसडीए’ असे एक अक्षर चुकीचे पडले, तर वर्षानुवर्षांच्या संग्रहासह घरची हार्ड डिस्क काही क्षणांत निकामी होते. आज्ञा एका शब्दानेही विचारणा करीत नाही. तिला ‘डिस्क डिस्ट्रॉयर’ हे टोपणनाव पडले ते उगाच नव्हे. शिवाय आज्ञा संपल्याचे दिसले तरी मजकूर अद्याप स्मृतीतच रेंगाळत असू शकतो आणि घाईने उपटलेला ड्राइव्ह अर्धवट राहतो. पीट बतार यांचा २०११ मधील ‘रूफस’ आणि २०१६ मधील ‘एचर’ हे कार्यक्रम लोकप्रिय झाले ते मुख्यतः ह्या भीतीमुळे. संकर प्रतिमा दिसली की ‘रूफस’ विचारतो, फाइली मांडू की जशीच्या तशी लिहू? दोन परंपरांचा जुना वाद त्या एका प्रश्नात शिल्लक आहे.

प्रतिमा शाबूत उतरली की नाही हे पाहण्यासाठी तिच्याबरोबर पडताळा-अंक देण्याची प्रथा जुनी आहे. हा अंक अपघात ओळखतो. कपट ओळखेलच असे नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात शिरून हल्लेखोरांनी १७.३ ह्या आवृत्तीच्या प्रतिमेचा दुवा बदलला आणि चोरवाट ठेवलेली प्रतिमा लोकांच्या हाती दिली. प्रतिमा आणि तिचा अंक एकाच जागी ठेवले असतील, तर एक बदलणारा दुसराही बदलू शकतो. त्यासाठी स्वतंत्र किल्लीने केलेली सही तपासावी लागते, आणि ती तपासण्याचे कष्ट फार थोडे घेतात.

आरंभखंडाच्या बाबतीतील बेफिकिरी मात्र २०१२ साली संपली. विंडोज ८ बरोबर ‘सिक्युअर बूट’ रूढ झाले आणि यंत्राने प्रथमच विचारले की, ही आज्ञा कोणाच्या सहीची? बहुसंख्य यंत्रांत ज्या किल्ल्या आधीपासून होत्या त्या मायक्रोसॉफ्टच्या. त्यामुळे मॅथ्यू गॅरेट यांनी तयार केलेला ‘शिम’ हा छोटा आरंभक त्या कंपनीकडून सही करून घेऊन लिनक्सच्या वितरणांना आपल्या प्रतिमांत ठेवावा लागला. ज्या २०११ च्या प्रमाणपत्राखाली ह्या सह्या झाल्या, त्याची मुदत जून २०२६ पर्यंतची होती, म्हणून २०२३ चे नवे प्रमाणपत्र यंत्रांत पोहोचवण्याचा व्याप उभा राहिला. व्यवस्थेने आरंभीच्या आज्ञांतील घातक कार्यक्रमांना आळा बसतो, हे मान्य करावे लागते. तथापि मोफत वाटली जाणारी प्रणाली कोणत्या यंत्रावर उभी राहील, याची एक परवानगी प्रतिस्पर्ध्याच्या कचेरीतून यावी, ही स्थिती १९९१ साली कोणाला पटली नसती.

२०२० साली आलेल्या ‘व्हेंटॉय’ने प्रतिमा लिहिण्याचा विधीच बाजूला सारला. ड्राइव्हवर हा कार्यक्रम एकदा बसवला की, पुढे प्रतिमा साध्या फाइलींप्रमाणे त्यावर टाकावयाच्या. यंत्र सुरू होताना त्यांची यादी दिसते आणि निवडलेली प्रतिमा चकती असल्याच्या थाटात उभी राहते. सीडीच्या काळी ज्या कृतीबद्दल नवख्यांना हसत, तीच येथे योग्य पद्धत ठरली आहे. सिक्युअर बूट चालू असेल तर मात्र पहिल्या वापराच्या वेळी ‘व्हेंटॉय’ची किल्ली त्या संगणकात नोंदवावी लागते, आणि ही नोंद प्रत्येक नव्या यंत्रावर पुन्हा करावी लागते.